एका गाण्याची खरी हकीकत

मधल्या सुटींत शाळेच्या पटांगणावर लहान मुलें एकमेकांच्या सदऱ्यांचीं टोकें धरून आगगाडीचा खेळ खेळतात, तें दृश्य मीं माझ्या नोकरीच्या सर्व वर्षांत पाहिलें. त्या खेळांत एक भांडण ठरलेलें असे, तें म्हणजे इंजिन होण्याचा मान कोणाचा. आज ज्या गाण्याची हकीकत मी आपणांस सांगणार आहें, तें आगगाडीसारखें नाचावयास सांगणारें एक अमेरिकन गाणें आहे. आणि त्याच्या इतिहासांतही मुख्य प्रश्न हाच आहे, कीं या गाडीचें इंजिन कोण होतें?

गाण्याचें नांव ‘द लोको-मोशन’. दिनांक २५ ऑगस्ट १९६२ रोजीं ‘बिलबोर्ड’ या संगीतव्यवसायाच्या साप्ताहिकानें अमेरिकेंतील लोकप्रिय गाण्यांच्या यादींत त्याला पहिलें स्थान दिलें. इंग्लंडांतही तें दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलें. गाणाऱ्या मुलीचें पूर्ण नांव ईव्हा नार्सिसस बॉइड. परंतु तबकडीवर छापलें होतें, ‘लिट्ल ईव्हा’, म्हणजे धाकटी ईव्हा. तिला एकोणीस वर्षें नुकतींच पूर्ण झालीं होतीं.

या गाण्याविषयीं एक गोड आख्यायिका रूढ आहे. न्यूयॉर्क शहरांत जेरी गॉफिन व कॅरोल किंग हें तरुण दांपत्य गीतें रचीत असे. शब्द पतीचे, चाल पत्नीची. त्यांच्या लहान मुलीला सांभाळण्यासाठीं ईव्हा ही कृष्णवर्णीय मुलगी कामास होती. एके दिवशीं कॅरोलबाई पियानो वाजवीत असतां ही पोर तालावर नाचूं व गाऊं लागली. धनी व धनीण चकित झालीं. आणि एका घटकेंत मोलकरणीची नामांकित गायिका झाली! परीकथेंतच शोभेल अशी ही गोष्ट आहे.

परंतु ती खरी नाहीं. स्वतः कॅरोल किंग यांनींच पुढें ती दुरुस्त केली. ईव्हा कामास आली तेव्हांच तिला गातां येतें हें त्यांस ठाऊक होतें, आणि आपलीं गीतें तिच्याकडून कधीं ना कधीं गाऊन घ्यावयाचीं हें ठरल्यासारखेंच होतें. म्हणजे, मोलकरणींत गायिका सांपडली असें नसून, गाण्याच्या वाटेवर निघालेल्या मुलीनें पोटासाठीं मूल सांभाळण्याचें काम पत्करलें होतें. हा भेद क्षुल्लक नव्हे. पहिल्या गोष्टींत सारें श्रेय शोधणाऱ्याच्या दृष्टीला जातें. दुसरींत तें जिचें तिला मिळतें.

ईव्हाचा जन्म २९ जून १९४३ रोजीं नॉर्थ कॅरोलायना संस्थानांतील बेलहेव्हन या लहानशा गांवीं झाला. तेथून ती न्यूयॉर्कला आली. तिच्या नांवाविषयींही अशीच एक समजूत आहे. ‘अंकल टॉम्स केबिन’ या १८५२ सालच्या प्रसिद्ध कादंबरींत लिट्ल ईव्हा नांवाची एक बालिका आहे. तिच्यावरून हें नांव घेतलें असें पुष्कळांस वाटे. वस्तुतः तिच्या आत्याचें नांव ईव्हा होतें, म्हणून घरचीं माणसें भाचीला धाकटी ईव्हा म्हणत, असें तिनेंच सांगितलें आहे.

आतां गाण्याकडे वळूं. त्या वर्षीं अमेरिकेंत नवनव्या नृत्यांचें वेड पसरलें होतें. डी डी शार्प या तरुण गायिकेचें असेंच एक नृत्यगीत गाजत होतें, म्हणून गॉफिन-किंग यांनीं हें नवें गीत तिच्यासाठीं रचलें. तिला ऐकविण्यासाठीं नमुन्याची ध्वनिमुद्रिका ईव्हाच्या आवाजांत तयार केली. शार्पनें गीत घेतलें नाहीं. परंतु प्रकाशक डॉन कर्शनर यांनीं तो नमुना ऐकला आणि तोच विक्रीस काढण्याचें ठरविलें. ‘डायमेन्शन’ या त्यांच्या नव्या छापाची ती पहिलीच तबकडी होय.

यापुढची गंमत लक्षांत ठेवण्यासारखी आहे. गीतांत एका नव्या नृत्याचें वर्णन होतें. पण असें नृत्य अस्तित्वांतच नव्हतें! गाणें गाजल्यावर लोक तें नृत्य पाहूं मागूं लागले, तेव्हां ईव्हानेंच त्याच्या हालचाली बसविल्या. आगगाडीच्या दांड्यासारखे हात फिरवीत ती रंगमंचावर नाचली आणि हजारों मुलें तिच्यामागें तशीं नाचूं लागलीं. तेव्हां इंजिन कोण होतें, हें मीं वेगळें सांगावयास नको.

आतां हिशोब पाहूं. मूल सांभाळण्याबद्दल तिला आठवड्यास ३५ डॉलर मिळत. गाण्याबद्दल तिला एकदांच ५० डॉलर देऊन वाटेस लावलें अशी वदंता पुढें पसरली; परंतु ५० डॉलर हा तिचा करारांतील आठवड्याचा पगार होता, असें सांगण्यांत येतें. म्हणजे वाढ झाली ती पंधरा डॉलरांची! आपल्या ध्वनिमुद्रिकांवर तिची मालकी कधींच नव्हती. गीताचा हक्क रचणाऱ्याचा व प्रकाशकाचा असतो. दुसऱ्या कोणीं तें गाइलें तरी त्यांस भाग मिळतो, पहिल्या गायिकेस मिळत नाहीं. १९७४ सालीं ‘ग्रँड फंक’ या मंडळीनें हेंच गीत गाऊन पुन्हां पहिला क्रमांक मिळविला. १९८७ सालीं कायली मिनोग हिनें ऑस्ट्रेलियांत तेंच केलें. त्या यशांतला एक पैही ईव्हाकडे जाण्याची वाट नव्हती. आणि जीं पावलें तिनें बसविलीं, त्यांस तर हक्कच नाहीं.

तिचें दुःखही गीताच्या कामीं आलें. प्रियकर तिला मारहाण करीत असे. त्याचें कारण विचारतां तिनें त्या मारालाच प्रेम म्हटलें. यावरून गॉफिन-किंग यांनीं १९६२ सालींच एक गीत रचलें. ‘क्रिस्टल्स’ या मुलींनीं तें गाइलें, पण लोकांच्या विरोधामुळें लवकरच तें मागें घ्यावें लागलें. या दांपत्यास दुष्ट ठरविण्याचा माझा हेतु नाहीं. तीं दोघेंही वयानें लहानच होतीं. कॅरोलबाई त्या वर्षीं अवघ्या वीस वर्षांच्या होत्या. दोष व्यक्तींपेक्षां व्यवस्थेचा अधिक.

ईव्हाचीं आणखी कांहीं गाणीं चाललीं, परंतु पहिल्यासारखें यश पुन्हां आलें नाहीं. १९७१ सालीं ती संगीतव्यवसाय सोडून नॉर्थ कॅरोलायनांत परतली. तेथें तिनें मिळेल तें हलकें काम केलें, कांहीं काळ सरकारी मदतीवरही काढला. १९८७ नंतर जुन्या गाण्याला नवा बहर आला, तेव्हां ती पुन्हां रंगमंचावर उभी राहिली. १० एप्रिल २००३ रोजीं, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षीं, तिचें निधन झालें.

बेलहेव्हन येथील तिचें दफनस्थान पांच वर्षें जवळजवळ बेवारस पडलें होतें. २००८ सालीं एका स्थानिक दूरचित्रवाणी केंद्रानें तें लोकांच्या नजरेस आणलें, आणि त्याच वर्षीं तेथें नवा दगड बसविण्यांत आला. त्या दगडावर एक आगगाडीचें इंजिन कोरलेलें आहे.

श्रोतेहो, मुलांना इतिहास शिकवितांना मी सांगत असें, कीं आख्यायिका ऐकावी, पण तिच्यांत कोणाचें श्रेय कोणाकडे गेलें तें तपासून पाहावें. पटांगणावरचीं मुलें इंजिनाच्या मानासाठीं भांडत, तेव्हां मी त्यांना रागावत असें. आतां वाटतें, तें भांडण अगदींच पोरकट नव्हतें.