काळ्या दातांचे दिवस

पश्चिम रेल्वेच्या केळवे रोड स्थानकावर उतरून समुद्राकडे निघाले, की किनाऱ्यावरचे सुरूचे बन दिसण्याआधी वाड्या लागतात. नारळ, पोफळी, केळी आणि आधाराला बिलगून वर चढलेली पानवेल. मुंबईच्या माहीमशी गल्लत होऊ नये म्हणून केळवे-माहीम असे जोडनाव मिळालेला हा पालघरचा किनारा विड्याच्या पानांसाठी पिढ्यान्‌पिढ्या ओळखला जातो. इथली पाने करंड्यांत भरून दूरदूरच्या बाजारांत जातात आणि तिथे गेल्यावर त्यांच्या माथी एक आरोप येतो, पानाने दात खराब होतात हा!

खरे म्हणजे या आरोपात पानाचा वाटा फार थोडा. नुसते पान चावून पाहा. तिखटसर रस सुटेल, पण तोंड लाल होणार नाही. रंग येतो तो कात, सुपारी आणि चुना एकत्र आल्यावर. कातात आणि सुपारीत टॅनिनच्या जातीची तुरट द्रव्ये असतात. चुन्याच्या संगतीत त्यांचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होतो आणि लाली चढते. ओठांवरची लाली तासाभरात जाते. दातांवर मात्र तिचे थर बसत राहतात, आधी तपकिरी, मग काळपट. चहाचे डाग याच कुळातले, फक्त सौम्य.

पण हे डाग वाईट असे मानायला आपण लागलो कधीपासून? इतिहासाच्या पुस्तकांत या प्रश्नाला फारशी जागा नसते. १७३९ च्या जानेवारीत वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी केळवे-माहीमचा हा मुलूख पोर्तुगीजांकडून घेतला. त्या काळात दरबाराची सांगता पानसुपारीने आणि अत्तर-गुलाबाने होई. कामगिरी अंगावर घेणे म्हणजे विडा उचलणे. अशा समाजात रंगलेले तोंड हे खाल्ल्यापिल्ल्या घरचे लक्षण होते. त्याला कोणी डाग म्हणत नसे.

बायकांची गोष्ट तर याच्याही पुढची. त्या दात मुद्दाम काळे करीत. त्यासाठी दातवण नावाची पूड असे. आज दातवण म्हटले की कुणाला बाभळीची काडी आठवेल, पण ही पूड वेगळी. मायफळ किंवा हिरडा यांसारखी तुरट वस्तू आणि हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, हे तिचे मुख्य घटक. आता गंमत पाहा, जुन्या लेखणीची काळी शाई हीसुद्धा हिरडा आणि हिराकस यांचीच. म्हणजे कारकून ज्याने दप्तर लिही, त्याच रसायनाने त्याची कारभारीण दात रंगवी! काजळाप्रमाणेच दातवण हे सवाष्णीच्या शृंगाराचे अंग होते. उत्तरेत यालाच मिस्सी म्हणत. तिकडे जपानातही लोह आणि टॅनिन यांचेच मिश्रण लावून विवाहित स्त्रिया दात काळे करीत. तिथल्या सरकारने १८७० मध्ये सरदार घराण्यांना ही चाल बंद करायला लावली आणि १८७३ मध्ये खुद्द सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली. आपल्याकडे असा काही हुकूम निघाला नाही. इंग्रजी शिक्षण आणि शहरी राहणी आली, तशी चाल आपोआप मागे पडत गेली. पुढे जाहिरातींनी पांढरे दात म्हणजेच निरोगी दात हे समीकरण घरोघर पोहोचवले. कोलगेट भारतात आले १९३७ मध्ये. त्याच्याही आधीपासून आणि नंतरही कितीतरी वर्षे घरात राज्य होते ते राखुंडीचे, मिठाचे आणि पुढे माकडछाप काळ्या पावडरीचे.

या राखुंडीबद्दल थोडे सांगायला हवे, कारण तिची आठवण आपण जरा जास्तच प्रेमाने काढतो. भातशेतीच्या पट्ट्यात ती भाताच्या तुसाची असे. तुसात वाळूच्या जातीची सिलिका भरपूर, त्यामुळे डाग खरवडून निघत आणि दात लख्ख दिसत. पण दाताचे वरचे कवच, म्हणजे इनॅमल, अर्धपारदर्शक असते आणि त्याखालचा थर मुळातच पिवळसर. कवच झिजले की खालचा पिवळेपणा जास्त दिसू लागतो. पांढरे करण्यासाठी घासघास घासलेले दात म्हणूनच काही वर्षांनी पिवळे दिसतात, आणि झिजलेले इनॅमल पुन्हा येत नाही. लिंबू चोळणाऱ्यांचेही तेच. आम्लाने ते कवच विरघळते.

वरून बसलेला डाग दंतवैद्य साफ करून देतात, त्यासाठी जादूच्या पुडीची गरज नाही. आतल्या रंगाची गोष्ट निराळी. लहानपणी टेट्रासायक्लिन गटाची औषधे दिली गेली, किंवा पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असले, तर दात घडतानाच रंग आत शिरतो. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या काही गावांतून असे पट्टे-ठिपके पडलेले दात दिसतात. तिथल्या मुलांना टूथपेस्ट नव्हे, दुसरे पाणी हवे. आजच्या दवाखान्यांतले ब्लीचिंग हायड्रोजन पेरॉक्साइडच्या जोरावर चालते. रात्री दातांवर साचा बसवून घरच्या घरी ते करण्याची पद्धत १९८९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली. ती जाणकाराच्या देखरेखीखाली ठीक आहे.

दातवण गेले, पण त्याची जागा पूर्णपणे टूथपेस्टने घेतली असे नाही. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजून केलेली मशेरी पुढे आली. काळ्या पुडीने दात घासायची सवय जुनीच होती, पुडीतला माल तेवढा बदलला. हिराकशीचे व्यसन लागत नव्हते, तंबाखूचे लागते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून कर्करोगाविषयीचा अहवाल १९७२ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे २००४ मध्ये मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत धूरविरहित तंबाखू, आणि त्यातही मुख्यतः मशेरी, वापरणाऱ्या मातांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली. तंबाखू नसलेला विडाही सुपारीमुळे निर्धोक नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याच सुमारास सांगितले.

टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी केली, आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. बंदी आली ती कारखान्यातल्या डबीवर. घरच्या चुलीवर, घरच्या तव्यात भाजलेली मशेरी कुठल्या निरीक्षकाला दिसणार? पहाटे ती बोटावर घेणाऱ्या बाईला विचारले तर ती म्हणते, मी तंबाखू खात नाही, दात घासते.