नाईव्ह चित्रकाराची मांजर : स्वरूप, कारणे आणि निकष

१. व्याप्ती
चित्रकलेचे रीतसर शिक्षण नाही, घराण्याची किंवा जमातीची परंपराही पाठीशी नाही, अशा स्थितीत स्वतःची रीत स्वतः घडवणारा प्रौढ म्हणजे नाईव्ह चित्रकार. कालीघाटच्या पटावरची, तोंडात मासा धरलेली मांजर या वर्गात येत नाही. ढोंगी साधूवरची ती टीका पटुआंच्या सरावलेल्या हाताने उतरली आहे. वारली चित्रेही याच कारणाने वेगळी ठरतात.

२. लक्षणे
(अ) दर्शन : जकात नाक्यावर नोकरी केलेल्या आंरी रूसोने (१८४४–१९१०) पिएर लोटीचे म्हणून ओळखले जाणारे व्यक्तिचित्र रंगवले. त्यात पुढ्यात बसलेली पट्टेरी मांजर माणसाइतकीच ठाशीव आहे. तिचा चेहरा समोरून दिसतो, कारण दोन डोळे आणि मिश्या यांनीच मांजर ओळखू येते.

(आ) पोत : मॉरिस हर्शफील्ड (१८७२–१९४६) न्यूयॉर्कच्या कपडे आणि सपाता बनवण्याच्या धंद्यातला. पासष्टाव्या वर्षी त्याने ‘अंगोरा मांजर’ हाती घेतली. तिची लव त्याने कापडाच्या विणीसारखी एकेक रेघ ओढून भरली.

(इ) अवकाश : कॅनडाच्या मॉड लुईसच्या (मृत्यू १९७०) मांजरी फुलांच्या गर्दीत, सावलीविना, सपाट रंगांत बसतात. संधिवाताने तिच्या हाताची हालचाल मर्यादित केली होती. फलक लहान आणि आकार सुटसुटीत राहिले.

३. कारणे
तिघांचीही मांजर शरीररचनेच्या पुस्तकाशी जुळत नाही, आणि त्यामागे केवळ अज्ञान नाही. मांजराविषयी जे ठाऊक आहे ते सगळे एकाच फलकावर हवे, हा आग्रह पहिला. व्यवसायाने किंवा आजाराने घडवलेला हात, हे दुसरे कारण.

४. निकष
म्हणून अशा चित्राला विचारायचा प्रश्न ‘मांजर हुबेहूब आहे का?’ हा नव्हे. चेहऱ्याला लावलेला नियम शेपटीलाही लागू आहे का, हे तपासावे. नियम सर्वत्र पाळला असेल तर चित्र उभे राहते. अर्धवट नक्कल शिरली की कोसळते.

५. उपयोजन
हीच दृष्टी मुलांच्या चित्रांकडे पाहतानाही उपयोगी पडते. मौद्यासारख्या तालुक्याच्या गावातली मुलेही शासकीय रेखाकला परीक्षांना बसतात आणि तिथे स्मरणचित्र काढतात. परीक्षेपुरते प्रमाण शिकवावेच. पण घरच्या मांजरीचे डोळे मुलाने मोठे काढले, तर खोडरबर उचलण्याआधी शिक्षकाने विचारावे, ‘एवढे मोठे का काढलेस?’ उत्तरात निरीक्षण असेल, तर ते डोळे तसेच राहू द्यावेत.