ग्राफिक्स कार्डाचे दृश्यदोष

ग्राफिक्स कार्डाचे दृश्यदोष म्हणजे डेस्कटॉप संगणक चालू असताना मॉनिटरवर चित्र न येणे, मधूनच नाहीसे होणे किंवा विकृत दिसणे. या दोषांचे खापर बहुधा कार्डावरच फोडले जाते. प्रत्यक्षात वीजपुरवठा, मदरबोर्ड, रॅम, कार्ड, ड्रायव्हर, केबल आणि मॉनिटर या साखळीतील कोणतीही कडी निकामी झाली तरी वापरकर्त्याला दिसणारे लक्षण एकच असू शकते : काळा पडदा. कार्ड हा अनेकदा संगणकातील सर्वांत महाग सुटा भाग असतो. त्यामुळे दोषाचे स्थान ठरविण्यापूर्वी नवे कार्ड विकत घेणे महागात पडते.

काळा पडदा

मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ अशी सूचना येत असेल, तर मॉनिटरला वीज मिळत आहे, पण निवडलेल्या जोडणीवर सिग्नल येत नाही, एवढेच सिद्ध होते. केबल कार्डाऐवजी मदरबोर्डला जोडलेली असणे हे याचे अत्यंत सामान्य कारण आहे. ज्या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसते (उदा. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेले इंटेलचे प्रोसेसर), त्याच्यासोबत मदरबोर्डवरील एचडीएमआय जोडणी निरुपयोगी ठरते. अंगभूत ग्राफिक्स असल्यास मात्र हीच जोडणी निदानाचे उत्तम साधन आहे. कार्ड काढून मॉनिटर मदरबोर्डला जोडल्यावर चित्र आले, तर प्रोसेसर, रॅम, केबल आणि मॉनिटर सर्वसाधारणपणे निर्दोष मानता येतात आणि संशय कार्ड, त्याचा स्लॉट व त्याचा वीजपुरवठा यांच्यापुरता उरतो.

मदरबोर्ड स्वतःही दोषाचे स्थान सुचवितो. जुन्या अवॉर्ड बायोसमध्ये एक लांब व दोन आखूड बीप ग्राफिक्सचा दोष दर्शवीत. अलीकडच्या अनेक मदरबोर्डांवर प्रोसेसर, रॅम, व्हीजीए व बूट यांचे चार छोटे दिवे असतात. चाचणी ज्या टप्प्यावर अडते तो दिवा जळत राहतो. रॅमचा दिवा जळत असताना कार्ड बदलण्यात अर्थ नाही. सैल बसलेल्या रॅममुळेही पडदा काळा राहतो. दुरुस्तीच्या दुकानांत रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसण्याची पद्धत प्रचलित आहे. तिने तात्पुरता गुण येतो. परंतु घर्षणाने सोन्याचा पातळ थर झिजतो, म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेले मऊ कापड अधिक योग्य होय.

काही वेळा सुरुवातीला पडदा काळा असतो आणि विंडोज पूर्ण सुरू झाल्यावर चित्र येते. हा हार्डवेअरचा बिघाड असेलच असे नाही. डिस्प्लेपोर्ट १.३ व १.४ मॉनिटरांबाबत एनव्हिडियाच्या मॅक्सवेल व पास्कल पिढीच्या कार्डांत असा दोष आढळला होता आणि २०१८ मध्ये कंपनीने त्यासाठी फर्मवेअर अद्ययावत करणारे साधन प्रसिद्ध केले.

वीजजोडणी

पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून कार्डाला कमाल ७५ वॅट मिळतात. त्यापेक्षा अधिक वीज एसएमपीएसमधून येणाऱ्या स्वतंत्र केबलने द्यावी लागते : सहा पिनांच्या जोडणीतून ७५, तर आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॅट. ही जोडणी लावायची राहिल्यास पंखा फिरूनही चित्र येत नाही, असे घडते. संगणक साधी कामे व्यवस्थित करतो, पण खेळ सुरू करताच बंद पडतो किंवा पुन्हा सुरू होतो, तेव्हा एसएमपीएसची क्षमता प्रथम तपासावी.

मॉड्युलर एसएमपीएसच्या केबली एका कंपनीच्या दुसऱ्या कंपनीला लावू नयेत. कार्डाकडील टोक प्रमाणित असले तरी एसएमपीएसकडील टोकाची पिनरचना प्रमाणित नाही; केबल सहज बसते आणि चुकीचा व्होल्टेज पोहोचून कार्ड जळू शकते. वर सांगितलेल्या अन्य बहुतेक चुका दुरुस्त करता येतात, ही येत नाही.

जोडणी अर्धवट बसल्याचे परिणाम ऑक्टोबर २०२२ मध्ये बाजारात आलेल्या आरटीएक्स ४०९० कार्डाच्या बाबतीत ठळकपणे दिसले. त्यातील सोळा पिनांची १२व्हीएचपीडब्ल्यूआर जोडणी ६०० वॅटपर्यंत वीज वाहते, म्हणजे १२ व्होल्टला ५० अँपिअर प्रवाह केवळ सहा पिनांतून जातो. काही कार्डांत ती वितळल्याच्या तक्रारी आल्या. जगभरातील सुमारे ५० प्रकरणे ज्ञात असून जोडणी पूर्ण न बसणे हे त्यांतील समान कारण आहे, असे एनव्हिडियाने नोव्हेंबर २०२२ मध्ये सांगितले. पुढील १२व्ही-२x६ या सुधारित रचनेत संवेदक पिना आखूड करण्यात आल्या. जोडणी पुरेशी आत गेल्याशिवाय त्यांचा स्पर्श होत नाही.

केबल व रिफ्रेश दर

चित्र येते, पण क्षणभर जाऊन परत येते, अशा वेळी केबल बदलून पाहणे स्वस्त व जलद. जुनी एचडीएमआय १.४ जोडणी ३८४० × २१६० विभेदनाला सेकंदाला ३० चौकटींच्या पलीकडे पुरत नाही. ६० साठी २.० लागते.

विकृत चित्र

रंगीत ठिपके, पट्टे किंवा चौकटींची जाळी दिसत असल्यास स्क्रीनशॉट घेऊन तो दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाइलवर पाहावा. विकृती त्यात उमटली असेल तर ती बहुधा कार्डाच्या चिपमध्ये, मेमरीत किंवा ड्रायव्हरमध्ये उद्भवते. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर केबल, मॉनिटर किंवा कार्डाचा बहिर्गामी भाग संशयास्पद ठरतो. बायोसच्या पडद्यावरही विकृती असेल, तर विंडोजचा ड्रायव्हर निर्दोष होय, कारण तो तोवर सुरूच झालेला नसतो. याउलट सेफ मोडमध्ये चित्र स्वच्छ दिसले म्हणून कार्ड निरोगी ठरत नाही. त्या अवस्थेत कार्डावर जवळजवळ भारच नसतो.

विंडोज व्हिस्टापासून, कार्डाने सुमारे दोन सेकंद प्रतिसाद न दिल्यास विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करते. पडदा काळा होऊन परत येतो तो यामुळे. विंडोज १०पासून विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या कळा एकत्र दाबून हे स्वतःही करता येते. असे वारंवार होत असल्यास ओव्हरक्लॉकिंग काढून टाकावे, तापमान व पंखे तपासावेत आणि जुना ड्रायव्हर पूर्ण काढून नवा बसवावा. डिव्हाइस मॅनेजरमधील ‘कोड ४३’ एवढेच सांगतो की कार्डाने दोष कळविल्यामुळे विंडोजने ते थांबविले. कारण ड्रायव्हर असू शकते किंवा मेमरीही.

निकामी कार्ड ओव्हनमध्ये तापविण्याचा उपाय बराच प्रसिद्ध आहे. उष्णतेने चिपखालील तडकलेली जोडणी तात्पुरती जुळते, मात्र दोष सहसा परत येतो आणि तापलेल्या प्लास्टिकची वाफ अन्न शिजविण्याच्या ओव्हनमध्ये घातक असते. असे ‘जिवंत’ केलेले कार्ड काही काळ निर्दोष दिसू शकते, म्हणून वापरलेले कार्ड घेताना ते केवळ डेस्कटॉपवर न पाहता पूर्ण भाराखाली किमान अर्धा तास चालवून पाहतात.