मतदान यंत्र : वापररचना

वस्तू हाताळणाऱ्याला काय कळते, त्याची चूक कुठे होते आणि झालीच तर ती कितपत भोवते, याचा विचार करून केलेली घडण म्हणजे वापररचना. या विद्येची उदाहरणे बहुधा मोबाइल आणि संगणकातून दिली जातात. यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रससारख्या तालुक्याच्या गावी मात्र ती सर्वांत कसून तपासली जाते मतदान केंद्रावर. इथे यंत्र हाताळणारा माणूस ते काही वर्षांतून एकदाच हाताळतो, एकटा असतो, मदत मागू शकत नाही आणि केलेली कृती परत घेऊ शकत नाही. दिग्रस विधानसभा मतदारसंघात (क्र. 79) दिग्रस, दारव्हा व नेर या तालुक्यांतील गावे येतात. या भागात बंजारा समाजाचे तांडे पुष्कळ. घरात गोरमाटी, बाजारात वऱ्हाडी आणि सरकारी कागदावर प्रमाण मराठी, अशा तीन बोलींतून वावरणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या आजीलाही हे यंत्र कुणाला न विचारता वापरता यायला हवे. ही अट सोपी नाही, आणि ती बऱ्याच अंशी पाळली गेली आहे.

पूर्वपीठिका. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत दिग्रस तेव्हाच्या मध्य प्रदेश राज्यात होते. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. मतदाराने कागद हव्या त्या पेटीत टाकायचा, एवढेच काम. यांतील लाखो पोलादी पेट्या मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात बनल्या. बाहेरून कुलूप लावल्यास खर्च वाढत होता, म्हणून कुलूप पेटीच्या आतच बसवले गेले. पुढे एकच मतपत्रिका आणि रबरी शिक्का आला. या शिक्क्यावरील बाणाकृती फुलीत मोठी समज दडलेली आहे. तिचे चारही हात एकाच दिशेने वळलेले असतात. ओल्या शाईचा ठसा घडीमुळे दुसऱ्या नावावर उमटला, तर तिथली फुली उलट्या दिशेला वळलेली दिसते आणि खरे मत कोणते ते मोजणाऱ्याला ओळखता येते. साध्या फुलीत हा भेद कळला नसता. मतदाराकडून चूक होणारच हे धरून, त्या चुकीमुळे त्याचे मत वाया जाऊ नये अशी ही योजना होती.

यंत्राची घडण. भारत इलेक्ट्रॉनिक्स आणि इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सरकारी कंपन्या मतपत्रिकेची जागा घेणारे इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्र बनवतात. त्याच्या बाह्य रचनेत आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्राचे प्राध्यापक ए. जी. राव व रवी पूवय्या यांचा वाटा आहे. पहिला वापर केरळमधील परूर येथे 19 मे 1982 रोजी 50 केंद्रांवर झाला. कायद्यात तरतूद नसल्याने सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये तो रद्द ठरवला. 1988 च्या दुरुस्तीने कायद्याची अडचण दूर झाली आणि 2004 च्या लोकसभा निवडणुकीत सर्व 543 मतदारसंघांत यंत्रे आली.

यंत्राचे दोन भाग आहेत आणि सगळी मेख या विभागणीत आहे. नियंत्रण युनिट अधिकाऱ्यापुढे असते, मतदान युनिट आडोशात, आणि त्यांना जोडणारी तार सुमारे 5 मीटर लांब. अवघड ते सगळे अधिकाऱ्याकडे: मत देण्याची परवानगी, मतदान बंद करणे, एकूण आकडा पाहणे. मतदाराकडे फक्त निळे बटन. हिरवा दिवा लागला की यंत्र तयार. बटन दाबले की चिन्हासमोर लाल दिवा लागतो आणि लांब शिटी वाजते. ही शिटी आडोशाबाहेरही ऐकू जाते. त्यामुळे मत नोंदले गेल्याचे सगळ्यांना कळते, कुणाला दिले ते कुणालाच नाही. बटन पुन्हा कितीही वेळा दाबले तरी दुसरे मत पडत नाही. घाबरून दोनदा दाबणाऱ्याला याने मोठा आधार दिला आहे. यंत्र मुद्दाम संथही ठेवले आहे. मिनिटाला चारपाचाहून अधिक मते ते घेत नाही, म्हणून केंद्र बळकावणाऱ्याला घाई करता येत नाही. विजेच्या जोडणीऐवजी ते बॅटरीवर चालते. लोडशेडिंग भोगलेल्या विदर्भाला याचे मोल वेगळे सांगायला नको.

चिन्हे. निरक्षर मतदाराला चिन्ह हेच नाव. म्हणून दोन चिन्हे एकमेकांसारखी असणे ही रचनेतील गंभीर उणीव ठरते. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत साताऱ्यात एका पक्षाचे चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस होते, तर एका अपक्षाचे चिन्ह पिपाणीसारखे वाद्य, आणि त्याचीही मराठी नोंद तुतारी अशीच. त्या अपक्षाला 37,062 मते मिळाली. विजयी उमेदवार व या पक्षाचा पराभूत उमेदवार यांच्यातील फरक 32,771 मतांचा होता. गोंधळात नेमकी किती मते गेली हे मोजण्याची सोय नाही, पण चिन्हांच्या सारखेपणाबद्दलची त्या पक्षाची तक्रार रास्त होती. अमेरिकेत 2000 सालच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरिडातील पाम बीच परगण्यात नावे दोन्ही पानांवर आणि छिद्रे मधल्या एकाच ओळीत असलेल्या मतपत्रिकेने असाच घोळ घातला होता. तिथे राज्याचा निकाल 537 मतांनी लागला.

कागदी चिठ्ठी. 2013 पासून व्हीव्हीपॅट हे चिठ्ठी छापणारे यंत्र जोडीला आले. मत दिल्यावर क्रमांक, नाव व चिन्ह छापलेली चिठ्ठी काचेमागे 7 सेकंद दिसते आणि आत पडते. दृष्टी मंद झालेल्या म्हाताऱ्या माणसाला हा वेळ पुरतोच असे नाही. विदर्भात या यंत्राची वेगळीच परीक्षा झाली. 28 मे 2018 च्या भंडारा-गोंदिया पोटनिवडणुकीत अनेक व्हीव्हीपॅट बंद पडले आणि 49 केंद्रांवर फेरमतदान घ्यावे लागले. आतील प्रकाशसंवेदकावर जास्त उजेड पडणे हे एक कारण निवडणूक आयोगाने दिले. पुढे संवेदकावर झाकण बसवले गेले. मे महिन्यातल्या वैदर्भीय दुपारी जे चालायचे आहे, ते आधी तशाच उजेडात तपासायला हवे होते.

मर्यादा. एका मतदान युनिटवर 16 बटने असतात. जास्तीची झाकून टाकतात. दृष्टिहीनांसाठी बटनांशेजारी ब्रेलमध्ये आकडे उठवलेले असतात. नव्या, म्हणजे एम-3 प्रकारच्या यंत्राला 24 युनिटे जोडता येतात. 2019 मध्ये नांदेडला लागून असलेल्या तेलंगणातील निजामाबादेत 185 उमेदवार उभे होते. त्यांत बहुतेक शेतकरी, हळद व ज्वारीच्या भावासाठी उभे राहिलेले. प्रत्येक केंद्रावर 12 युनिटे काटकोनात मांडावी लागली. यंत्राने तो भार पेलला. मतदाराला मात्र आपले चिन्ह शोधत टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जावे लागले.