पवई तलाव

मुंबई उपनगर जिल्ह्यातील गोड्या पाण्याचा मानवनिर्मित तलाव. विहार तलावाच्या खालच्या अंगाला, मिठी नदीच्या खोऱ्यात दगडी बांध घालून तो १८९० मध्ये पुरा झाला, खर्च सु. १२.५९ लाख रु. पाणलोट क्षेत्र ६.६१ चौ. किमी., पूर्ण भरल्यावर जलविस्तार २.२३ चौ. किमी., साठा सु. ५४५ कोटी लि. पाणी पिण्यायोग्य नाही. आरे वसाहत व कारखान्यांना ते इतर वापरासाठी दिले जाते. पावसाळ्यात तलाव भरून वाहू लागला की पाणी मिठी नदीत जाते.

भोवतालच्या टेकड्यांवर दगडखाणी चालल्या, पुढे इमारती उभ्या राहिल्या. तिथला गाळ पावसाबरोबर तलावात उतरला आणि काठ उथळ होत गेले. त्याहून मोठा घाव सांडपाण्याचा. त्यातील नायट्रोजन व फॉस्फरस म्हणजे पाणवनस्पतींना आयते खत. त्यावर पोसली ती मूळची दक्षिण अमेरिकेतील जलपर्णी. तिचे एक रोप उचलून पाहावे : देठ फुगीर, आत स्पंजासारखा पोकळ, म्हणून ती तरंगते; खाली काळपट, पिसासारख्या मुळांचा झुबका; आणि बुडातून निघालेल्या आडव्या धुमाऱ्याच्या टोकाला दुसरे रोप तयार. अनुकूल हवेत दोनएक आठवड्यांत तिचा पसारा दुप्पट होतो. या गालिच्याखाली ऊन पोचत नाही. पाण्यातल्या वनस्पती मरतात, कुजताना विरघळलेला ऑक्सिजन खातात आणि मासे गुदमरतात. काठच्या चिखलात पाणकणीस व बेशरम माजतात. कमळाच्या पानांवरून चालणारे कमळपक्षी आणि जांभळ्या पाणकोंबड्या येथे दिसतात. तलावात मगरीही आहेत.

महानगरपालिका यंत्राने जलपर्णी काढते. ते आवश्यकच आहे. पण नाल्यांतून सांडपाणी येत राहिले, तर काढलेल्या जागी ती पुन्हा पसरणारच, कारण तिचे बी गाळात कित्येक वर्षे जिवंत राहते. उपसलेला ढीग काठावर कुजू दिला, तर त्यातील पोषकद्रव्ये पहिल्या पावसात परत तलावात जातात. म्हणून सांडपाणी अडवणे हे पहिले काम, उपसा त्यानंतरचा.

काठालगतचा प्रस्तावित सायकल मार्ग मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवला आणि त्यासाठी झालेले बांधकाम काढून जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला.