सौर बंब : जोडणी करणाऱ्याची पारख

रायपूर-धमतरी महामार्गावर रायपूरपासून सुमारे ३० किलोमीटर अंतरावर अभनपूर हे तहसिलीचे गाव आहे. जुन्या नॅरोगेज मार्गाचा राजिमकडे जाणारा फाटा येथूनच फुटत असे. मार्च २०२५ मध्ये रायपूरहून ब्रॉडगेज गाडी येथवर धावू लागली. राजधानीच्या इतक्या जवळच्या गावात घराच्या गच्चीवर सौर उष्णजल यंत्रणा, म्हणजेच सौर बंब, बसवायचा झाल्यास विक्रेते मिळतात. मात्र बंब चांगला निघणे हे विकणाऱ्यापेक्षा जोडणाऱ्याच्या हातावर अधिक अवलंबून असते. नीट बसवलेला बंब पंधरा-वीस वर्षे चालतो. चुकीचा बसवलेला बंब पहिल्याच हिवाळ्यात कोमट पाणी देऊ लागतो आणि घरातील मंडळी पुन्हा विजेच्या गिझरकडे वळतात.

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली 'पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना' ही छतावरील वीजनिर्मितीच्या पॅनेलसाठी आहे, पाणी तापविणाऱ्या बंबासाठी नाही. २०१० च्या राष्ट्रीय सौर अभियानात बंबासाठी केंद्राचे अर्थसाहाय्य मिळत असे. ते २०१४ मध्ये बंद झाले. त्या काळी केंद्रीय मंत्रालयाने विक्रेत्यांना मान्यता दिली होती. ती जुनी प्रमाणपत्रे अद्याप कोणाच्या भिंतीवर लटकत असतील, तर त्यांवरून आजची पात्रता ठरत नाही. केंद्राच्या अनुदानाचे आमिष दाखवून बंबाची आगाऊ रक्कम मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवणे उत्तम.

मग पात्रता ओळखावी कशी? वीजपॅनेल बसविणे आणि बंब बसविणे ही दोन भिन्न कौशल्ये आहेत. २०१५ पासून दिले जाणारे 'सूर्यमित्र' प्रशिक्षण मुख्यतः वीजपॅनेलसंबंधी आहे. बंबाचे काम मूलतः नळकामाचे आहे, म्हणून औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून नळकारागिरी शिकलेला आणि उत्पादक कंपनीने जोडणीसाठी अधिकृत केलेला माणूस अधिक उपयोगाचा. त्याचे अधिकारपत्र कंपनीकडे दूरध्वनी करून पडताळावे. राज्याच्या अक्षय ऊर्जा अभिकरणाचे, म्हणजेच 'क्रेडा'चे, मुख्यालय रायपुरातच असल्याने तेथेही विचारणा करता येते. महाराष्ट्रात हेच काम 'महाऊर्जा' करते. साहित्यावर मानक चिन्ह असल्यास त्याखालील परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतो. सपाट संग्राहकासाठी आयएस १२९३३ आणि काचनळ्यांच्या यंत्रणेसाठी आयएस १६५४४ ही मानके आहेत.

कागदपत्रांपेक्षाही खरी परीक्षा गच्चीवर होते. जाणकार कारागीर दर सांगण्याआधी गच्ची पाहतो. घरात माणसे किती, थंड पाण्याची टाकी किती उंच, पाणी बोअरचे की नळाचे, हे प्रश्न तो स्वतःहून विचारतो. दूरध्वनीवरच भाव ठरविणाऱ्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. साध्या यंत्रणेत पाणी पंपाविना फिरते : तापलेले हलके पाणी वर टाकीत चढते आणि थंड पाणी खाली उतरते. म्हणून थंड पाण्याच्या टाकीचा तळ गरम टाकीच्या माथ्यापेक्षा वर असावा लागतो आणि हवा बाहेर पडण्यासाठी उभी नळी द्यावी लागते. ही नळी वाचविणे म्हणजे मे महिन्यातील उकळत्या पाण्याची वाफ टाकीत कोंडणे होय.

संग्राहकाचे तोंड दक्षिणेला हवे. अभनपूर सुमारे २१ उत्तर अक्षांशावर आहे. गरम पाण्याची गरज हिवाळ्यात अधिक असल्याने अक्षांशात दहा-पंधरा अंश मिळवून, म्हणजे ३१ ते ३६ अंशांचा उतार योग्य ठरतो. 'इतका उतार का?' असे विचारून पाहावे. उत्तरावरून माणसाची जाण कळते. दररोज १०० लिटर पाण्यासाठी सुमारे दोन चौरस मीटर सपाट संग्राहक लागतो. पाणी गोठण्याचा धोका येथे नसल्याने गोठणरोधक द्रवाची यंत्रणा गळ्यात मारून घेऊ नये. पाणी जड असेल तर मात्र तांब्याच्या बारीक नळ्यांत क्षार साचतात. अशा ठिकाणी उष्णता-विनिमयक किंवा काचनळ्यांचा पर्याय सुचविणारा कारागीर बरोबर सांगत असतो.

सर्वाधिक तक्रारी उद्भवतात त्या मात्र न्हाणीघरात. थंड पाण्याचा नळ दाबाच्या पंपावर आणि गरम पाणी गच्चीवरील साध्या टाकीवर, अशी जोडणी केली की मिश्रक नळ उघडताच थंड पाणी उलट गरम नळीत शिरते. दोष बंबाला दिला जातो, चूक मात्र जोडणीची असते. घरात दाबाचा पंप असेल तर कारागिराला ते आधीच सांगावे, कारण साधी टाकी तो दाब सोसत नाही. गरम पाण्याच्या नळीला उष्णतारोधक आवरण हवे. पावसाळ्यासाठी टाकीत विजेची कॉइल बसवायची असेल, तर स्वतंत्र अर्थिंग आणि गळतीरोधक स्विच यांविना ती चालू करू देऊ नये. येथे काटकसर जिवावर बेतू शकते.

करारात टाकीची क्षमता, संग्राहकाचे क्षेत्रफळ, टाकी व जोडणी यांची वेगवेगळी हमी आणि वार्षिक देखभालीचा दर लेखी असावा. दुरुस्तीला रायपूरहून कोण येणार, किती दिवसांत येणार आणि येण्याजाण्याचा खर्च कोणाचा, हेही लिहून घ्यावे. सर्व रक्कम एकदम देऊ नये. स्वच्छ उन्हाच्या दिवसानंतरच्या पहाटे नळीतील थंड पाणी जाऊ देऊन बादलीत तापमापी बुडवावी आणि समाधान झाल्यावरच शेवटचा हप्ता द्यावा.

वाद उद्भवल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाला स्वतः राहत असलेल्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते. त्यामुळे विक्रेता नागपूरचा असला तरी अभनपूरच्या ग्राहकाला रायपूरच्या आयोगाकडे दाद मागता येते. व्यवहार पाच लाख रुपयांपर्यंतचा असल्यास शुल्क लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, म्हणून पावती, करार आणि हमीपत्र जपून ठेवावे.