दिवाळीचा किल्ला व पायथ्याचे गाव (बारामती–इंदापूर)

दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी मिळून अंगणात उभारलेला मातीचा गड आणि त्याच्या पायथ्याशी वसवलेली वस्ती. प्रथा महाराष्ट्रभर आहे. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील बारामती व इंदापूर हा मात्र कऱ्हा, नीरा, भीमा यांच्या काठचा सपाट, उसाचा मुलूख. राजगड, तोरणा, सिंहगड पश्चिमेला सह्याद्रीत. इथे आहेत त्या गढ्या नि वाडे : इंदापुरात मालोजीराजे भोसले यांची गढी, बारामतीत कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांचा वाडा. इंदापूर आणि बारामती तालुक्यातले सुपे शहाजीराजांच्या जहागिरीत होते. इतिहास दारात आहे, डोंगर तेवढा मुलांना रचावा लागतो.

सहामाही परीक्षा संपली की दगडविटांचा ढीग घालतात आणि त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट पसरतात. पोत्याला घडी पडेल तिथे कडा किंवा घळ निघते. नुसती काळी माती वाळताना भेगाळते, म्हणून वरून चाळलेल्या तांबड्या मातीचा हात देतात. ओल्या उतारावर अळीव, मोहरी टाकली की चार-पाच दिवसांत हिरवळ दिसते. माथ्यावर शिवाजी महाराज, बुरुजांवर मावळे, गुहेत वाघ.

गड कसा असावा हे इतिहासाने ठरवून दिलेले असते. पायथ्याचे गाव मुलांचे स्वतःचे, आणि खरी कल्पकता तिथेच दिसते. तिथे पार, देऊळ, विहीर, आठवडे बाजार असतो. गव्हाचे अंकुर उसाचा फड म्हणून उभे राहतात. मोठी मुले कडे रचतात, धाकट्यांच्या वाट्याला गाव येते, आणि रस्ता कुणाच्या घरावरून न्यायचा यावर खरीखुरी भांडणे होतात. कारंज्यासाठी सलाईनची जुनी नळी मातीखालून नेतात, तिचे एक टोक भिंतीवरच्या बादलीत सोडतात, दुसऱ्यात रिकामी रिफील बसवतात. बादली जितकी वर, तितके कारंजे उंच, हे विज्ञानाच्या तासाआधीच कळून चुकते. स्पर्धा असेल तर परीक्षकांपुढे गडाची माहिती घडाघडा सांगावी लागते.

गाव वसवण्याचा असाच खेळ पडद्यावरही चालतो. माइनक्राफ्ट हा संगणकीय खेळ 2011 साली पूर्ण रूपात आला. त्यातही अनेकजण मिळून ठोकळ्यांची गावे वसवतात. 2012 पासून संयुक्त राष्ट्रांच्या वसाहतविषयक संस्थेने सार्वजनिक जागांची आखणी रहिवाशांकडून करून घेण्यासाठी हा खेळ वापरला. अंगणातल्या गावालाही नगररचनेचा धडा म्हणून तेवढाच मान मिळायला हवा. फरक इतकाच की तिथले गाव साठवून ठेवता येते. इथले फार तर तुळशीच्या लग्नापर्यंत राहते आणि पुढच्या वर्षी नव्याने वसते.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूप्रदेशातील 12 किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांत पुणे जिल्ह्यातील शिवनेरी, लोहगड व राजगड आहेत. त्याच यादीतले सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी हे जलदुर्ग अंगणात करायचे तर आधी खड्डा खणून त्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरावा लागतो, आणि तटाचा पाया विटांचाच घ्यावा लागतो. मातीचा घेतला तर रात्रीत विरघळतो.